खिडकीवाली आयसी

धुळ्यात मी खोली शोधत होते तेव्हा बाकीच्या घरमालकांनी जात विचारली, मांसाहार करता का विचारलं, नाइट ड्यूटी असते का विचारलं. नानांनी जन्मतारीख विचारली.

मी म्हटलं, "आधार कार्डाची झेरॉक्स देते ना."

"झेरॉक्स नको. तारीख सांग."

मी सांगितली. त्यांनी ती बॉलपेनाने तळहातावर लिहून घेतली आणि जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एकच अट शे. ही जिन्यातली खिडकी सकाळी दहा ते दुपारी चार उघडायची नाही. किती का उकाडा होईना."

महिना वैशाखाचा होता, पण माझं हॉस्पिटल तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ते वर आले. हातात आगपेटी होती. ती उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. आत कापसावर बोटाच्या पेराएवढी करड्या रंगाची एक वस्तू होती, दोन्ही बाजूंना चंदेरी पाय असलेली. पाठीवर बारीक अक्षरं होती. त्यांनी खालचे चार आकडे दाखवले. "पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ही तुझ्याच आठवड्यात जन्मली. हाई तुन्ही जोडीदार शे."

माझ्या जन्माच्या आठवड्यात जगात कुठेतरी आणखी काही तयार होत होतं, ते इतकी वर्षं कुठे कुठे फिरून धुळ्यात येऊन पोचलं होतं आणि ते या माणसाच्या कपाटात होतं. आगपेटी त्यांनी लगेच मिटून खिशात घातली. दाखवायला आणली होती, द्यायला नव्हे. यंत्रांच्या पोटातल्या या आयसी नाना कुणाला देत नसत.

मी त्यांच्या घरात सात वर्षं राहिले. मागच्या थंडीत ते गेले.

एका तंत्रनिकेतनात ते प्रयोगशाळा सहाय्यक होते. म्हणजे प्राध्यापक शिकवणार आणि नाना वायरी गुंडाळून ठेवणार. जुनी यंत्रं मोडीत निघायची तेव्हा त्यातल्या कॉम्प्युटरच्या आयसी ते परवानगी घेऊन काढून आणायचे. निवृत्तीनंतर भंगारवाल्यांकडून, टीव्ही दुरुस्तीच्या बंद पडलेल्या दुकानांतून, कुठून कुठून गोळा करत राहिले. गल्लीत कोणीतरी सांगितलं, नाना जुन्या चिप्स जमवतात. तेव्हा समोरच्या घरातल्या नव्या सुनेने आदराने केळीच्या वेफर्सचा पुडा आणून दिला होता. नानांनी तो खाल्ला, आणि तिच्याही जन्माच्या आठवड्यातली आयसी शोधून ठेवली.

काकूंच्या साड्या ट्रंकेत आणि आयसी लोखंडी कपाटात, अशी त्या घराची व्यवस्था होती. काकू म्हणायच्या, "मी आधी भांडले. मग एकदा त्यांनी दुर्बिणीतून दाखवलं, तेव्हापासून गप्प आहे."

ती दुर्बीण म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधून टाकून दिलेला सूक्ष्मदर्शक. हिवतापाच्या स्लाइडा बघायला वापरतात तसला. मी बघताच ओळखला. नानांनी त्याला वरून उजेड पाडणारा टॉर्च तारेने बांधला होता. मलाही त्यांनी एका रविवारी खाली बोलावलं, झाकण काढलेली एक आयसी त्याखाली ठेवली आणि म्हणाले, "डोळा लाव. श्वास हळू घे."

आधी नुसती चकाकी दिसली. मग त्यांनी खालचं चाक किंचित फिरवलं आणि एकदम एक शहर दिसलं. जांभळे, हिरवे, सोनेरी चौकोन, त्यांच्यामधून जाणारे सरळ रस्ते, वळणावर नीट काटकोनात वळलेले, एका कडेला ओळीने मांडलेली एकसारखी शेकडो घरं. मी पुष्कळ वेळ डोळा काढला नाही. मी नर्स, रोज जिवंत शरीरं हाताळणारी, पण हे माणसाने केलेलं होतं.

"आता त्या उजव्या कोपऱ्यात जा."

कोपऱ्यात, रस्ते संपतात तिथे, एक बदक होतं. खरंच बदक. चोच, डोळा, शेपटी, सगळं.

"हे कशाला?"

"कशालाच नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज हळू झाला होता. "ज्यानं आखली त्यानं काढलं. आयसी बंद झाल्यावर हे कोणालाच दिसणार नव्हतं. तरी काढलं. त्या काळी मोठमोठ्या कागदावर हातानं रेघा आखायचे, महिनोन् महिने. मग ते लहान करत करत नखाएवढं करायचे. आताच्या मोबाइलमधल्या आयसीत रेघा इतक्या बारीक असतात, की आपला उजेडच त्यांच्यापुढे जाड पडतो. दुर्बीण लावून काही उपयोग नाही. माणसाचा हात दिसतो तो या जुन्यांतच. म्हणून या ठेवायच्या."

त्यांच्या संग्रहाला कोणी किंमत लावलीच नाही असं नाही. सलीमभाई नावाचे भंगारवाले एकदा दारात आले. जुन्या आयसींच्या झाकणांवर सोन्याचा मुलामा असतो, पायांनाही असतो, तो ते काढून विकत. त्यांनी कपाट बघितलं आणि डोळे विस्फारले. "नाना, बठ्ठं द्या, कपाटभर. किलोवर घेतो. हे झाकण तापवलं की सोनं सुटतं."

नानांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि तेच बदक दाखवलं. सलीमभाई चहा थंड होईपर्यंत बघत राहिले. उठताना म्हणाले, "नाना, मी आजवर अशी किती जाळली असतील." त्या दिवसानंतर ते आयसी जडवलेली चांगली जुनी पाटी हाताला लागली की आधी नानांकडे आणायचे आणि नानांनी हवी ती आयसी काढून घेतली की उरलेली पाटी घेऊन जायचे.

आता जिन्यातल्या खिडकीचं सांगते. काही आयसींच्या पाठीवर एक गोल काचेची खिडकी असते आणि तिच्यातून आतलं चांदीसारखं चमकणारं शहर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. यंत्राच्या मेंदूची आयसी वेगळी आणि ही आठवणीची वेगळी. यंत्राने काय करायचं ते हिच्यात लिहिलेलं असतं. बारीक बारीक खोल्यांत वीज कोंडून ते लिहितात. पुसायचं झालं की खिडकीतून जांभळ्या किरणांचा उजेड सोडायचा. उन्हातही ते किरण असतात, म्हणून खिडकीवर कायम चिकटपट्टी लावायची. उन्हात ठेवलेली आयसी हळूहळू सगळं विसरते. त्याला पुष्कळ दिवस लागतात, हे नानांना ठाऊक होतं. तरीही जिन्यातल्या खिडकीतून ऊन कपाटापर्यंत येतं म्हणून ती बंद ठेवत, आणि उन्हाळ्यात बाहेर पडले की छत्री स्वतःच्या डोक्यावर धरायची सोडून काखेतल्या पिशवीवर धरत. रस्त्यात लोक वळून बघत. "चाळीस वर्षांपूर्वी कोंडलेली वीज आहे, सिस्टर," ते मला म्हणाले होते, "ती अजून जागची हलली नाही. मी हलवू काय?"

आणि त्यांचा नियम होता की आयसी आली की आधी वाचायची. लॅपटॉपला जोडलेल्या एका डबीत ती बसवली की आतलं लिहिलेलं पडद्यावर यायचं. बहुतेक नुसते आकडे असत. नाना ते देवळात पोथी ऐकावी तसे पाय दुमडून वाचायचे.

एका सकाळी मी ड्यूटीवर निघत होते. खालून हाक आली. "सिस्टर! लवकर ये!"

सलीमभाईंनी कुठल्याशा दवाखान्याच्या भंगारातून एक पाटी आणली होती. नवजात बाळांना ठेवायच्या काचेच्या पेटीतली, जुन्या बनावटीची. पाटीवर खिडकीवाली आयसी होती. नानांनी पडद्याची उजवी कड दाखवली. तिथे आकड्यांच्या ओळीशेजारी इंग्रजी अक्षरं होती. मी वाचली, मालती, फैजपूर.

"हाई बाईनं नाव शे!" नाना जवळजवळ ओरडले. "पेटीचा प्रोग्राम हिनं लिहिलाय. नाव कोणाला दिसणार नाही अशा जागी लिहून ठेवलंय. आणि गाव बी."

मी नवजात कक्षात काम करते. अशा पेट्यांत ठेवलेली, हाताच्या पंजात मावतील अशी बाळं मी रोज हाताळते. पेटीला प्रोग्राम असतो, तो कोणीतरी बसून लिहिलेला असतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि तो फैजपूरच्या मुलीने लिहिलेला असेल हे तर मुळीच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने फैजपूरला गेलो. नाना पिशवीवर छत्री धरून खिडकीपासून लांबच्या सीटवर बसले. फैजपुरात तिसऱ्याच दुकानात पत्ता लागला. त्या काळात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गावातून बाहेर गेलेली मुलगी एकच होती, त्यामुळे म्हाताऱ्या दुकानदाराला ती चांगली आठवत होती. लग्न होऊन ती रावेरला गेली, एवढंच नाही तर घर कुठल्या रस्त्याला आहे हेही त्याने सांगितलं.

रावेरला त्यांच्या अंगणात केळीची पॅकिंग चालली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. साठी ओलांडलेल्या एक बाई चिकाने काळे पडलेले हात पुसत पुढे आल्या. "बसा ना. कोणाकडून आले तुम्ही?"

नानांना नमस्काराचंही भान राहिलं नाही. त्यांनी रुमाल पसरला आणि त्यावर आयसी ठेवली. खिडकी दिसावी म्हणून वरची चिकटपट्टी काढली. बाईंनी आयसी उचलली आणि नीट बघायला अंगणाकडे वळल्या. नाना "उन्हात नको" म्हणायला तोंड उघडणार, तोच बाईंनी अंगठा खिडकीवर ठेवून ती झाकली.

विचार न करता, सवयीने. नाना माझ्याकडे बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते.

"आई, काय आहे ते?" सुनेने आतून विचारलं.

"माझी आहे," मालतीबाई म्हणाल्या. मग खाली बसल्या.

घरात कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाआधी नाशिकला एका लहानशा कंपनीत त्यांनी तीन वर्षं नोकरी केली, एवढं माहीत होतं. काय केलं ते कोणी विचारलं नव्हतं. सून पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारातच उभी राहिली.

मालतीबाईंनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, यातलं सगळं वाचलंत?"

नानांनी पिशवीतून छापलेले कागद काढले. बाईंनी चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून सरकत चाललं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबलं. वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "यात नाही."

मग त्यांनी सांगितलं. पेटीतलं बाळ गार पडलं किंवा त्याच्या अंगावरची तार सुटली की भोंगा वाजायचा. बाळाला नीट करेपर्यंत सिस्टर बटण दाबून भोंगा गप्प करायची. पण भोंगा गप्प असताना लाइट गेली आणि परत आली, तर तो गप्पच राहायचा. बटण दाबल्याचं पेटीला छोट्या बॅटरीमुळे लक्षात राहायचं आणि लाइट आल्यावर ते पुसायची सूचना लिहायची मालतीबाईंकडून राहून गेली होती. लग्नाला आठ दिवस राहिले असताना त्यांना ही चूक दिसली. पेट्या तोवर ठिकठिकाणच्या दवाखान्यांत गेल्या होत्या.

"दुरुस्तीला चार बाइट लागत होत्या फक्त. ए-एफ, थ्री-टू, वन-झिरो, टू-झिरो." कागदाकडे न बघता त्यांनी म्हटलं. "मी नव्या आयसी लिहिल्या. प्रत्येकीवर कागद चिकटवून पेनाने दोन आकडा घातला. साहेबांच्या हातात दिल्या. ते म्हणाले, माणूस फिरतीवर जाईल तेव्हा बदलेल. मी हळदीला निघून आले. पुढे कंपनी बंद पडली. साहेबही राहिले नाहीत. विचारायचं कोणाला?"

मागे ट्रॉलीत केळीचे खोके चढवत होते.

"माझा मोठा मुलगा सातव्या महिन्यात झाला. त्याला पेटीत ठेवलं. पेटी दुसऱ्याच कंपनीची होती. तरी लाइट जाऊन आली की मी ओली बाळंतीण उठून जायची आणि तार ओढून भोंगा वाजतो का बघायची. डॉक्टर यांना म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी कोणाला सांगू, मले काय माहीत आहे ते?" एवढा वेळ नीट बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून तेवढंच गावचं 'मले' निघालं. "आजही लाइट गेली की मला झोप येत नाही, भाऊ."

मी पुढे सरकून त्यांचा हात धरला. म्हटलं, "मावशी, मी नवजात कक्षातच आहे. आम्ही भोंग्यावर विसंबत नाही. दर थोड्या वेळाने बाळाच्या तळपायाला हात लावून बघतोच."

त्या माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "एकटीच ड्यूटीवर असलीस, आणि बाळं सात असली, तर?"

मी एकटी ड्यूटीवर राहिलेली आहे.

नानांना सहज म्हणता आलं असतं, की दुसऱ्या एखाद्या पेटीत मी दुरुस्ती बघितली होती. बाईंना बरं वाटलं असतं. मी मनातून म्हणत होते, नाना, बोला तसं. नाना म्हणाले, "ही जुनी शे, ताई. हिच्यात नही. बाकीच्यांचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शोध सुरू केला. पाटीचा फोटो काढून त्याच्या प्रती धुळे ते जळगाव रस्त्यावरच्या प्रत्येक भंगारवाल्याला वाटल्या. सलीमभाईंनी आपल्या सगळ्या पाहुण्यांना कामाला लावलं. नाना जुन्या दवाखान्यांत जायचे, निवृत्त डॉक्टरांच्या दारात उभे राहायचे. बऱ्याच ठिकाणी त्यांना वेड्यात काढत. कपाटाकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. सोन्याच्या झाकणाची एक दुर्मीळ आयसी कोणी दाखवायला आणली, तर नाना तिला हात न लावता त्याला पाटीचा फोटो दाखवायला लागले. दोन पेट्या मिळाल्या त्या नुसत्या पत्र्याच्या, आतलं सगळं कोणीतरी आधीच काढून नेलेलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मालतीबाईंचा फोन कधी आला नाही. नानांनीही केला नाही. "सांगायला काही असल्याशिवाय कसा करू?"

संक्रांतीच्या आसपास सलीमभाईंनी बातमी आणली. सोनगीरला एका डॉक्टरांचं प्रसूतिगृह कधीच बंद झालं होतं आणि तिथली पेटी शेजारच्या कोंबडीवाल्याने नेली होती. तिच्यात तो अंड्यांतून निघालेली पिलं उबेला ठेवत असे.

"म्हणजे चालू आहे?" नाना उभे राहिले.

"चालू शे, नाना. पिलं चिवचिव करी राहिनात."

आम्ही तिघे त्याच दुपारी गेलो. किल्ल्याच्या पायथ्याकडच्या वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये ती पेटी होती. काच पिवळी पडली होती, आत दहा-बारा पिवळी पिलं एकमेकांना चिकटून बसली होती. कोंबडीवाले भाऊ जरा घाबरले. त्यांना वाटलं, सरकारी माणसं पेटी न्यायला आली. नानांनी त्यांची समजूत घातली, पिलं टोपलीत काढायला लावली आणि मागचं झाकण उघडलं.

आयसीवर एक मळकट कागद होता. त्यावर निळ्या पेनाचा फिकट आकडा होता. दोन.

मला वाटलं, झालं. पण नाना मान हलवत होते. "कागद कोणी बी चिकटवतं. यंत्र सांगू दे." त्यांनी मला रावेरला फोन लावायला सांगितला. मालतीबाईंनी फोन उचलला. मी त्यांना आम्ही कुठे आहोत ते सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

पलीकडून आवाज आला, "भाऊ, बॅटरी मेलेली असेल. बॅटरी नसली तर जुनी आयसीसुद्धा सगळं विसरेल आणि भोंगा वाजेल. त्यावरून काही कळायचं नाही."

नानांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं त्याला कोणीतरी भेटलं होतं. "नवी आणलीय, ताई. आता बसवतो."

बॅटरी बसवली. पेटी सुरू केली. नानांनी आतली तार ओढून काढली. भोंगा वाजला, कर्कश. त्यांनी बटण दाबलं, भोंगा गप्प झाला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं. पेटीचे दिवे विझले. शेडमध्ये टोपलीतल्या पिलांचा तेवढा आवाज राहिला. सलीमभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"लाइट गेली, ताई," नाना फोनकडे तोंड करून म्हणाले. "आता परत येतेय."

त्यांनी बटण वर केलं. दिवे लागले. एक क्षण काहीच झालं नाही. मग भोंगा वाजायला लागला. मघापेक्षाही मोठ्याने वाजतोय असं मला वाटलं. पत्रे थरथरायला लागले. पिलं भेदरून टोपलीत इकडून तिकडे पळायला लागली. नाना दोन्ही हात पेटीवर टेकून खाली मान घालून उभे होते.

कोंबडीवाले भाऊ कानांवर हात ठेवून पुढे आले. "आते बंद करू का?"

फोनमधून मालतीबाईंचा आवाज आला. "थांबा, भाऊ. वाजू द्या जरा."